जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

फटफटीची शर्यत म्हटली कीं वेग आठवतो. परंतु 'ट्रायल' नांवाच्या स्पर्धेंत वेगास किंमत नाहीं. खडक, चिखल, ओढे ओलांडतांना पाय एकदां जमिनीस टेकला कीं एक दंडगुण. गाडी थांबली कीं पांच. ह्या खेळाकरितां सॅमी मिलर यांनीं १९६४ सालीं बार्सेलोनाजवळील बुल्टाको कारखान्यांत 'शेर्पा' ही हलकी गाडी सिद्ध केली, व १९६५ सालीं स्कॉटलंडांतील सहा दिवसांची स्पर्धा तिच्यावर जिंकली. टू-स्ट्रोक एंजिनास तेथें मिळालेलें तें पहिलेंच यश.

अशी शेर्पा घरीं नीट करूं इच्छिणारा बहुधा प्रथम रंगाकडे धांवतो. आमच्या मतें त्यानें आधीं पेट्रोलच्या टांकींत डोकावावें. जुन्या शेर्पांची टांकी पुष्कळदां पत्र्याची नसून कांचेचे तंतू व राळ यांची असते. आजच्या पेट्रोलांतील इथेनॉल हा मद्यार्क ती राळ मऊ करतो. मग ती कार्ब्युरेटरांत उतरून चिकटून बसते. टांकी पाझरूं लागली तर तापलेल्या एंजिनावर पेट्रोल पडून आगीचें भय! म्हणून कांहीं जण मूळ टांकी केवळ कवच म्हणून ठेवून आंत अॅल्युमिनियमची लहान टांकी बसवितात.

दुसरी गोष्ट सीलांची. टू-स्ट्रोक एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम क्रँककेसमध्यें येतें. तेथील रबरी सीलें पडून पडून कडक झालीं म्हणजे बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें, आणि पिस्टन तापून सिलिंडरांत अडकतो. सील अल्पमोलाचें, पण तें बदलण्यापूर्वीं एंजिन सुरू करण्याचा मोह फार महाग पडतो.

मडगार्डावरील ओरखडे मात्र आम्ही तसेच राहूं देऊं.