बाळोते

बाळोते (अनेकवचन : बाळोती) म्हणजे तान्ह्या बाळाचे मलमूत्र शोषून घेण्यासाठी त्याच्या अंगाखाली अंथरायचे किंवा कमरेभोवती बांधायचे मऊ सुती कापड. महाराष्ट्रात ते पूर्वापार जुन्या लुगड्यांपासून व धोतरांपासून घरीच तयार केले जाते. धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणे हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य आहे. त्यामुळे बाळोत्याची उपयुक्तता केवळ कापडावर ठरत नाही. पुरेसे पाणी, कडक ऊन आणि धुण्यासाठी मोकळे हात यांवरही ती अवलंबून असते.

प्रकार

बोलीभाषेत बाळोते, लंगोट व दुपटे हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि त्यांच्या उपयोगात फरक आहे. बाळोते हे साधे, बहुधा न शिवलेले चौकोनी फडके असते. लंगोट त्रिकोणी असून तो नाडीने कमरेला बांधतात. दुपटे हे दोन-तीन पदरी शिवलेले पांघरूण असून त्यात बाळाला गुंडाळतात. अंथरुण भिजू नये म्हणून बाळोत्याखाली मेणकापड घालतात. झबली, टोपडी, कुंची व दुपटी यांबरोबर लंगोटही बाळंतविड्यात दिले जातात.

अलीकडे बाजारात मिळणारे कापडी डायपर याच तत्त्वावर आधारलेले आहेत. त्यांत बाहेरून जलरोधक आवरण, आत शोषक कापडाच्या घड्या आणि मापानुसार आवळता येणारी बटणे असतात. ते बाळोत्यापेक्षा अधिक काळ ओल धरून ठेवतात. मात्र जाडीमुळे वाळायला जास्त वेळ घेतात.

कापडाची निवड

सुती धाग्यातील सेल्युलोज पाण्याला चटकन धरून ठेवते. नव्या कापडाला खळ असल्याने ते ताठ असते व सुरुवातीला कमी शोषते. अनेक धुण्यांनंतर खळ निघून जाते, धागे सैल पडतात आणि कापड मऊ व शोषक होते. बाळाला जुन्या लुगड्याचे बाळोते घालण्याच्या प्रथेमागे काटकसरीबरोबर हेही कारण आहे. नायलॉन, पॉलिस्टर यांसारखे कृत्रिम धागे ओल शोषत नाहीत, त्यामुळे तशा साड्या या कामी येत नाहीत. नऊवारी सुती लुगडे सुमारे ८ मीटर लांबीचे असते. त्याचे हातभर लांबी-रुंदीचे तुकडे केल्यास, विरलेला भाग वगळूनही, २५ च्या आसपास बाळोती निघतात. जरीचे काठ, गाठी व लोंबते दोरे आधीच काढून टाकतात. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेल्यास रक्तपुरवठा थांबण्याचा धोका असतो.

नवजात बाळासाठी वापर

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळोते दिवसातून आठ ते बारा वेळा बदलावे लागते. बाळोते बेंबीच्या खाली दुमडून बांधावे, म्हणजे नाळेचा देठ उघडा व कोरडा राहून लवकर गळून पडतो. पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याचा सांधा निखळण्याची शक्यता वाढते, म्हणून मांड्या मोकळ्या राहतील इतपतच बाळाला गुंडाळावे. मुलींच्या बाबतीत अंग पुसताना हात पुढून मागे न्यावा. ओले बाळोते तसेच राहिल्यास बाळाचे अंग गार पडते. कमी वजनाच्या बाळाला हे विशेष धोक्याचे असते.

बाळोत्यांवरून मिळणारी माहिती

बाळोते ओले झाल्याचे ताबडतोब कळते, त्यामुळे बाळाने किती वेळा लघवी केली याची मोजदाद सहज ठेवता येते. साधारण पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, हे आईचे दूध पुरत असल्याचे एक लक्षण मानले जाते. सुरुवातीची शी काळसर-हिरवी व चिकट असते, नंतर ती हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते. पहिल्या २४ तासांत शी न होणे, लघवीचे प्रमाण घटणे, शी पांढुरकी होणे किंवा तिच्यात रक्त दिसणे ही डॉक्टरांना त्वरित दाखवण्याची लक्षणे आहेत.

गृहाधारित नवजात बालसेवा कार्यक्रमात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या या कार्यक्रमाला गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेल्या कामाचा आधार आहे. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आईने बाळोत्यांची मोजदाद ठेवलेली असल्यास अशा भेटीत दूध पुरते की नाही हे ठरवणे सोपे जाते.

धुणे व वाळवणे

शी लागलेले बाळोते प्रथम झाडून-खरवडून शी शौचालयात टाकतात. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, तिच्यातूनही रोगजंतू पसरतात. त्यानंतर बाळोती इतर कपड्यांपासून वेगळी भिजवून साबणाने धुतात आणि फेस पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्यात खळबळतात. साबणाचा अंश राहिल्यास त्वचेला खाज सुटते व कापडाची शोषकता घटते. कपडे मऊ करणारी द्रावणेही धाग्यांवर थर चढवून शोषकता कमी करतात. शेवटी बाळोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे जंतू कमी होतात व पिवळे डाग फिके पडतात. धुणाऱ्याने नंतर हात साबणाने धुणे आवश्यक असते.

पावसाळ्यात बाळोती लवकर वाळत नाहीत, म्हणून एरवी २०–२५ पुरत असली तरी त्या काळात ३५–४० लागतात. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळोती वाळवण्याची जुनी पद्धत आहे. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून बाळ-बाळंतिणीच्या जिवाला धोका होतो.

पाण्याचा प्रश्न : राहाता परिसर

पाण्यानुसार बाळोत्यांचा वापर कसा बदलतो, हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता परिसराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथे वर्षातील बहुतेक महिने कोरडी हवा व कडक ऊन असल्याने बाळोती काही तासांत वाळतात. त्यांच्या वापराला हवामानाची अशी अनुकूलता असली, तरी पाण्याची नाही. नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरी उजव्या कालव्याच्या आवर्तनातून साठवण तलाव भरले जातात. आवर्तन लांबले की नळाचे पाणी काही दिवसांआड येते, आणि बाळंतिणीच्या घरी रोजची दहा-बारा बाळोती धुणे कठीण होते.

दुसरी अडचण पाण्याच्या प्रतीची आहे. गोदावरी व प्रवरा कालव्यांखालील काही जमिनी सततच्या सिंचनामुळे क्षारपड व चोपण झाल्या असून अशा भागांतील विहिरींचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. हा साका धाग्यांत बसला की बाळोती ताठर व खरखरीत होतात. पाणी उकळून थंड झाल्यावर वरचे निवळ पाणी वापरणे, साबणाऐवजी सौम्य धुण्याची पावडर किंवा रिठ्याचे पाणी घेणे आणि शेवटच्या खळबळण्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी वापरणे हे यावरील उपाय आहेत. कालव्यात किंवा पिण्याच्या विहिरीच्या काठावर बाळोती धुतल्यास ते पाणी दूषित होते.

त्वचेचे विकार व डांबरगोळ्यांचा धोका

ओल, घर्षण व शीतील विकरे यांमुळे मांड्यांच्या सांध्यात व ढुंगणावर लाली येते. वारंवार बाळोते बदलणे, अंग कोरडे करून काही वेळ उघडे ठेवणे आणि झिंक ऑक्साइडयुक्त मलम लावणे यांनी ती बहुधा कमी होते. तीन दिवसांनंतरही लाली टिकल्यास व तिच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या दिसल्यास बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. पावडरची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाऊ शकते, त्यामुळे ती टाळणे इष्ट ठरते.

ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली लुगडी व दुपटी बाळासाठी थेट वापरणे धोकादायक असते. या गोळ्यांतील नॅप्थॅलीन त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून बाळाचे कपडे डांबरगोळ्यांपासून पूर्णपणे दूर ठेवावेत.

एकदाच वापरायच्या डायपरशी तुलना

फेकून देण्याच्या डायपरचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. ‘पॅम्पर्स’ हे उत्पादन अमेरिकेत १९६१ मध्ये बाजारात आले. अशा डायपरमध्ये लाकडाचा लगदा, अतिशोषक बहुवारिक व प्लास्टिकचे थर असतात. त्यांमुळे त्वचा कोरडी राहते, रात्रीची झोप व प्रवास सुकर होतो, आणि पाणी व श्रम वाचतात. मात्र त्यातील प्लास्टिक कुजत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेले डायपर कागदात किंवा पिशवीत नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे बंधनकारक करण्यात आले.

कापडी डायपर मात्र आपोआप पर्यावरणपूरक ठरत नाहीत. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांचा हवामानावरील सरासरी परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. यंत्र पूर्ण भरून धुणे, दोरीवर वाळवणे आणि तेच कापड दुसऱ्या अपत्यासाठी वापरणे यांमुळे कापडी प्रकाराचा परिणाम सुमारे ४० टक्क्यांनी घटू शकतो, असेही त्यात दिसून आले. महाराष्ट्रातील घरांत दोरीवर वाळवणे आणि धाकट्या भावंडासाठी बाळोती जपून ठेवणे हे दोन्ही पूर्वीपासून रूढ आहे.

या तुलनेत श्रमाचा हिशेब सहसा धरला जात नाही. पहिले बाळंतपण माहेरी होण्याच्या प्रथेत बाळोती धुण्याचे काम बाळंतिणीची आई, आजी किंवा बहीण करीत असे. लहान कुटुंबांत ते बाळंतिणीवरच येते, तेही तिला विश्रांतीची गरज असलेल्या दिवसांत. त्यामुळे अनेक घरांत दिवसा बाळोती व रात्री किंवा प्रवासात डायपर असा मिश्र वापर केला जातो. वडिलांनी व घरातील इतरांनी धुण्याचे काम वाटून घेतल्यास बाळोत्यांचा वापर बाळंतिणीला जड जात नाही.