कपाटातले पक्षी काय शिकवतात?

प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून पक्ष्यांवर संशोधन करू पाहणाऱ्याला वाटते, आता गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि रान गाठायचे! पण पक्ष्यांच्या जाती ओळखायच्या, तर आधी कपाटापुढे बसावे लागते. मुंबईत ‘हॉर्नबिल हाऊस’मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची अशी कपाटे आहेत. खण ओढावा, तर कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे निजलेले. त्यांचे पंख, चोच, पाय मोजायचे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मोजायचे. आकडे जुळले नाहीत, तर दोष पक्ष्याचा नसतो! काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही.

सालिम अलींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. पण बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली ब्रह्मदेशातले पक्षी तपासत त्यांनी हीच तालीम घेतली.

खरी मोलाची असते ती पायाला बांधलेली चिठ्ठी. पक्षी कोठे, कधी, कोणी मिळवला हे तिच्यावर नसेल, तर तो केवळ शोभेचा. आणि चिठ्ठीच खोटी असेल तर?

रानपिंगळ्याचेच पाहा. हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. अपवाद एकच. आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याचे कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या संग्राहकाने सांगितले होते. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना एक्स-रेखाली तपासला. तो आधी एकदा भरलेला होता, आणि त्याची पहिली घडण जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात १८८० च्या दशकात भरलेल्या पक्ष्यांशी जुळत होती. चोरलेल्या पक्ष्याला नवी चिठ्ठी लावली होती! आधीचे शोध फसले, त्याचे एक कारण ही थापही होती.

मग मांडवी वगळून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धुंडाळली गेली. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळच्या रानात पिंगळा जिवंत भेटला. पुढे सोसायटीच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला.

आता जुन्या पक्ष्याच्या तळपायाच्या कातडीचा कण घेऊन डीएनएही काढता येतो. अर्थात, कण घेतला की तेवढा पक्षी कमी होतो. म्हणून विद्यार्थ्याला प्रथम क्युरेटरना पटवावे लागते, की मोजपट्टीने सुटणार नाही असाच आपला प्रश्न आहे.