परदेशांतील घराचा कंत्राटदार उत्तर देत नाहीं तेव्हां

आपल्या गांवांत घर बांधतांनाही गवंड्याच्या व कंत्राटदाराच्या दारीं दहा खेपा घालाव्या लागतात. मग घर जर परक्या देशांत असेल, भाषा अर्धवटच येत असेल, आणि काम करणारा माणूस पैसे हातीं पडल्यावर पत्राला उत्तरच देईनासा झाला, तर त्या कुटुंबानें काय करावें? गोव्यांतील अनेक घराण्यांचे पोर्तुगालशीं पिढ्यानुपिढ्यांचे संबंध आहेत. कोणाचा मुलगा लिस्बनला नोकरीस असतो, कोणाची मुलगी पोर्टो शहराजवळ संसार थाटून राहते. आयुष्यभराची शिल्लक एकत्र करून तेथें नवें घर घ्यावें, आणि पहिल्याच हिवाळ्यांत तान्ह्या मुलाच्या पाळण्यामागची भिंत ओली व्हावी, ही गोष्ट मग केवळ पैशाची राहत नाहीं. म्हणून पोर्तुगालचेंच उदाहरण घेऊन अशा प्रसंगीं काय करावें याचा विचार करूं.

दोष नीट ओळखावा

पोर्तुगालचें ऋतुमान आपल्या उलट आहे. तेथें उन्हाळा कोरडा जातो आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत पडतो. उत्तर भागांत तर तो पुष्कळच असतो. त्यामुळें जुलैमध्यें किल्ली हातीं घेतलेलें घर डिसेंबरपर्यंत आपला दोष दाखवीत नाहीं. ओल दिसली कीं कंत्राटदाराचें ठरलेलें उत्तर येतें: "तुम्ही खिडक्या उघडीत नाहीं, म्हणून घरांतली वाफ भिंतीवर जमते." हें उत्तर नेहमींच खोटें असतें असें नाहीं. थंडीच्या दिवसांत भिंतीच्या थंड कोपऱ्यांवर दंव धरावें तसें पाणी धरतें व काळी बुरशी येते. परंतु पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत छताशीं किंवा खिडकीच्या चौकटीशीं डाग पसरत असेल, तर ती बाहेरून आलेली गळती समजावी. ओल जमिनीपासून वर चढत असेल आणि तिच्या कांठावर पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी पायांतून येत आहे. गिलाव्यावरील केसासारखी बारीक भेग क्षुल्लक असूं शकते. पण खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघून रुंद होत जाणारी चीर बांधकामाचा जाणकारच तपासूं जाणे. अशा चिरेच्या दोन्ही टोकांशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी; महिन्याभरानें ती वाढली कीं नाहीं हें कोणालाही दाखवितां येतें.

एवढें झाल्यावर त्या कंत्राटदाराशीं ज्याचा संबंध नाहीं अशा इंजिनियरकडून किंवा वास्तुविशारदाकडून लेखी अहवाल घ्यावा. दोष कोणता, त्याचें कारण काय, दुरुस्ती कशी व्हावी आणि खर्च किती येईल, या चारही गोष्टी त्यांत असाव्यात.

मुदत चुकूं देऊं नये

येथें आपल्या गोमंतकीय वाचकांस एक सूचना करणें अवश्य आहे. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १९६१ नंतरही गोव्यांत कुटुंब व वारसा यांच्या बाबतींत चालत राहिला, त्यामुळें त्याचें नांव आपल्या परिचयाचें आहे. परंतु पोर्तुगालमधील घरास तो लागूं होत नाहीं. तेथें १९६६ चा नवा दिवाणी कायदा आहे, आणि त्याचें १२२५ वें कलम आपल्या कामाचें आहे. दीर्घकाळ टिकावयाच्या इमारतींत ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आंत दोष निघाला, तर बांधणारा जबाबदार असतो. पण दोष ध्यानांत आल्यापासून १ वर्षांत त्यास तसें कळविलें पाहिजे, आणि कळविल्यापासून पुढील १ वर्षांत दाद मागितली पाहिजे. २०२२ च्या आरंभापासून अमलांत आलेल्या निराळ्या कायद्यानें, धंदेवाईक विक्रेत्याकडून घर घेणाऱ्या ग्राहकास इमारतीच्या मूळ सांगाड्यासाठीं १० वर्षांची आणि इतर भागांसाठीं ५ वर्षांची हमी दिली आहे. तेथें मुदतींचा हिशेब वेगळा असल्यानें आपलें प्रकरण कोणत्या कायद्याखालीं येतें, हें तेथील वकिलास प्रारंभींच विचारावें.

आतां, उत्तर न देणाऱ्या कंत्राटदाराचें मौन किती हिशेबी असूं शकतें हें ध्यानांत येईल. "पुढच्या महिन्यांत माणसें पाठवितों," असें तो टेलिफोनवर गोडीनें सांगतो. महिना जातो, दुसरा जातो, आणि वर्ष संपतें. भला माणूस त्याच्या शब्दावर विसंबून राहतो आणि तेवढ्यांत त्याचा हक्क बुडतो. म्हणून तोंडीं बोलणें कितीही सलोख्याचें झालें, तरी त्याच दिवशीं तें लेखी कळवावें. कंत्राटदारानें दोष मान्य केला, तर कायदा ती मान्यता सूचना दिल्यासारखीच धरतो. तेव्हां "होय, छत गळतें, येऊन पाहतों," एवढा दोन ओळींचा निरोप जरी त्यानें पाठविला, तरी तो जपून ठेवावा.

पत्र कसें लिहावें

पत्र पोर्तुगीज भाषेंत असावें आणि पोचपावतीसह रजिस्टर टपालानें कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर जावें. त्यांत संताप नको. ताबा कधीं मिळाला, दोष केव्हां दिसला, तो कोठें आहे, एवढें क्रमानें लिहून अहवालाची नक्कल जोडावी. दोष काढून देण्याची स्पष्ट मागणी करावी, वाजवी मुदत ठरवून द्यावी, आणि त्या मुदतींत काम न झाल्यास करार मोडल्यासारखें समजूं, असेंही बजावावें. हें वाक्य फार महत्त्वाचें आहे. कंत्राटदारास संधि न देतां आपणच दुसऱ्या गवंड्याकडून दुरुस्ती करून घेतली, तर तो खर्च वसूल होणें कठीण जातें. पाण्यामुळें विजेच्या तारांस धोका असेल, अशी निकड असल्यास गोष्ट निराळी. पण तेव्हांही आधीं फोटो घ्यावेत आणि पावत्या ठेवाव्यात.

पत्रालाही उत्तर न आल्यास पुढची पायरी तक्रारवहीची. पोर्तुगालमध्यें ही वही व्यावसायिकांस कायद्यानें ठेवावी लागते. ती आतां इंटरनेटवरही भरतां येते, आणि १५ कामाच्या दिवसांत उत्तर देणें त्यांस भाग असतें. बांधकाम कंपन्यांस परवाना देणाऱ्या 'इम्पिक' या सरकारी संस्थेपर्यंत ही तक्रार पोंचते. ती संस्था नुकसानभरपाई मिळवून देत नाहीं. परंतु परवान्यावर डाग नको म्हणून पुष्कळ मुके कंत्राटदार येथें बोलूं लागतात. त्यापुढें १५,००० युरोपर्यंतच्या दाव्यासाठीं कांहीं भागांत 'जुल्गादु द पाझ' म्हणजे शांतता-न्यायालयें आहेत. तेथें प्रथम तडजोडीचा प्रयत्न होतो व खर्चही बेताचा येतो. मोठ्या रकमेसाठीं मात्र नेहमींच्या न्यायालयांतच जावें लागतें.

मालक भारतांत असेल तर विश्वासू नातेवाइकास किंवा वकिलास मुखत्यारपत्र द्यावें. तें पणजीच्या पोर्तुगीज वकिलातींत करतां येतें. किंवा आपल्या नोटरीपुढें करून त्यावर परराष्ट्र खात्याचा 'अपोस्टील' शिक्का घ्यावा लागतो. या कामास वेळ लागतो, म्हणून दोष दिसतांच तें सुरू करावें.

कंपनीच बुडाली तर?

फ्रान्समध्यें १९७८ च्या कायद्यानें आणि स्पेनमध्यें १९९९ च्या कायद्यानें नव्या घरांसाठीं दहा वर्षांच्या विम्याची सक्ती केली. पोर्तुगालमध्यें तशी सर्वसाधारण सक्ती नाहीं. तेथें कंपनी दिवाळ्यांत निघाली, तर न्यायालयानें दिलेल्या मुदतींत आपलें येणें नोंदवावें लागतें, आणि हातीं थोडेंच लागण्याचा संभव असतो. थांबून राहणें तेथें अधिक महाग पडतें तें यासाठींच.

ज्यांचें घर अजून व्हावयाचें आहे, त्यांनीं कंत्राटदाराचा परवाना इम्पिककडे आधींच पडताळून पाहावा. किल्ली घेतांना दिसणारे दोष ताबापावतीवरच लिहावेत; कारण डोळ्यांना दिसणारा दोष मुकाट्यानें पत्करला, तर मागाहून त्याबद्दल बोलतां येत नाहीं. आणि शेवटचा हप्ता पहिला हिवाळा पार पडल्यावर देण्याची अट करारांतच घालून घ्यावी. ज्याचे पैसे यावयाचे आहेत, तो कंत्राटदार सहसा पत्राला उत्तर देतो.