तिसरीचा घास

रंगीत मासे काचेच्या टाकीत पाळण्याची हौस आता शहरांपुरती राहिलेली नाही. गोड्या पाण्याची टाकी खेड्यांतील घरांतही दिसू लागली आहे. खाऱ्या पाण्याची मात्र अजून क्वचितच. तिला खर्च अधिक, निगा अधिक, आणि हयगय तिला मुळीच खपत नाही. तरीही ज्यांस ही हौस जडली आहे, किंवा ज्यांची मुले तिच्यासाठी हट्ट धरून बसली आहेत, अशा कुटुंबांकरिता आम्ही आज एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. समुद्रातील माशांना बाजारच्या ताज्या तिसऱ्या, खुबे, शिनाणे यांचा घास घालावा काय, आणि घालावयाचा तर कसा?

ही हौस तशी जुनी आहे. लंडन शहरी ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ च्या सुमारास समुद्रातील प्रवाळ घरात जिवंत ठेविले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतविले जाई. १८५३ मध्ये त्याच शहरातील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि काचेपलीकडचा समुद्र सामान्य माणसानेही पाहिला. आज पाण्यात हवा सोडण्याचे काम विजेचा पंप करितो. परंतु मूळची अडचण जागच्या जागी आहे. समुद्र अफाट, टाकी लहान. समुद्रात एखादी शिंपली मेली तर कोणास पत्ताही लागत नाही. दोनशे लिटरांच्या टाकीत मेलेली शिंपली साऱ्यांच्या जिवावर उठू शकते.

डिचोली तालुक्यातील सर्वण गावाचेच उदाहरण घेऊ. येथून समुद्र दिसत नाही. टाकीकरिता लागणारे पाणी दुकानातून आणलेले समुद्री क्षार मोजून मिसळून करावे लागते, कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी पुष्कळ द्रव्ये येतात. नुसत्या जेवणातील मिठाने ते साधत नाही. तिसऱ्यांचेही तसेच. खाडीतून निघालेली तिसरी टोपलीतून बाजारात आणि बाजारातून पिशवीतून घरी येईपर्यंत ऊन तिचे काम करीत असते. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा सर्वणच्या माणसास अधिक जपले पाहिजे.

मग ही यातायात करावीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, समुद्रातून पकडून आणलेला मासा पुष्कळदा नव्या घरी तोंडच उघडीत नाही. सुकी गोळी त्याला अन्न वाटत नाही. चिमुकल्या लांबट तोंडाचे फुलपाखरी मासे तर याबाबतीत फारच हट्टी. दिवस जातात, पोट खपाटीला जाते, आणि मासा डोळ्यांदेखत उपासाने मरतो. अशा वेळी ताजी तिसरी उघडून, अर्ध्या शिंपेसकट टाकीच्या तळाशी ठेविली, तर तिचा वास आणि रस पाण्यात पसरतो आणि कित्येकदा तोच मासा येऊन मांस टोचू लागतो. समुद्रात त्याने असेच अन्न टोचून खाल्लेले असते. एकदा खाऊ लागला की त्याला हळूहळू दुसऱ्या अन्नाची सवय लाविता येते. जीव वाचविणारा हा घास दोन-चार रुपयांच्या तिसरीत असतो, हे ध्यानात ठेविण्याजोगे आहे.

परंतु त्याच तिसरीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिसरी, शिनाणे, कालव ही सारी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कणांवर जगतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक मोठे कालव अनुकूल हवामानात दिवसाला १९० लिटरांपर्यंत पाणी गाळू शकते, असे मानितात. नदी जे जे आणील ते ते अशा प्राण्याच्या अंगी थोडेफार साठते. जंतू साठतात, गाळ साठतो, शिसे-तांब्यासारखे धातू साठतात. मांडवीच्या पाण्याने खनिज वाहणाऱ्या बार्जी किती वर्षे पाहिल्या, हे डिचोलीकरांस आम्ही सांगावयास नको. शिवाय समुद्रातील काही सूक्ष्म वनस्पती विषारी असतात. त्या खाल्ल्याने शिंपलीला स्वतःला काही होत नाही, पण तिला खाणाऱ्यास बाधा होते. १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेस कुंबळे येथे अशा शिंपल्या खाऊन माणसे आजारी पडली होती. यास्तव जेथे सांडपाणी मिसळते अशा जागेची, किंवा जिचा ठावठिकाणा विक्रेत्या बाईस सांगता येत नाही अशी तिसरी माशांसही घालू नये. जी आपल्या पानात नको, ती टाकीतही नको.

आता तयारी. यात आपल्या घरच्या गृहिणींस शिकविण्यासारखे फारसे नाही. सुक्क्याकरिता तिसऱ्या निवडताना त्या जे करितात, तेच येथेही करावयाचे. शिंप घट्ट मिटलेली, किंवा टिचकी मारताच मिटणारी हवी. उघडी पडलेली, फुटलेली, हाताला भलतीच हलकी लागणारी फेकून द्यावी. निवडलेल्या तिसऱ्या वाहत्या पाण्याखाली घासून धुवाव्या. नंतर टाकीकरिता करून ठेविलेल्या खाऱ्या पाण्यापैकी थोडे पाणी एका पसरट भांड्यात घेऊन, त्यात एक दिवस ठेवाव्या. मधे एकदा पाणी बदलावे. त्या रेती आणि पोटातील घाण बाहेर टाकितात. हे पाणी ओतून द्यावे, टाकीत कदापि घालू नये. येथे एक इशारा दिला पाहिजे. अशा धुण्याने वाळू जाते, जंतू बरेचसे कमी होतात. धातू आणि विष जात नाहीत. म्हणूनच मूळची जागा स्वच्छ असणे प्रथम महत्त्वाचे.

शिंप उघडल्यावर पोटाचा काळसर भाग काढून टाकावा, कारण नको असलेले पुष्कळसे तेथेच साठलेले असते. मांस धुऊन, माशाच्या तोंडात सहज मावेल एवढे बारीक चिरावे. मीठ, हळद, मसाला लागलेले स्वयंपाकघरातील उरलेसुरले मांस मुळीच चालणार नाही.

किती घालावे? दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. उरलेला प्रत्येक तुकडा जाळीने लगेच काढावा. नव्या माशासाठी शिंपेसकट ठेविलेली तिसरीही तासाभराने उचलावी. शिंपलीचे मांस गोव्याच्या उष्म्यात फार लवकर नासते. नासले की त्यातून अमोनिया सुटतो. टाकीच्या वाळूत आणि दगडांत राहणारे उपकारक जंतू या अमोनियाचे रूपांतर करून त्याचा जहरीपणा घालवितात खरे. पण नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. त्यातही समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे त्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरतो. गोड्या पाण्यात जे निभावून जाते, ते येथे निभावत नाही.

याच कारणास्तव वीज गेली असता माशांना काहीही घालू नये. पावसाळ्यात आपल्या भागात वीज तासन्‌तास जाते. पंप बंद, कोमट पाण्यात हवा आधीच कमी, आणि त्यात नासणारे मांस. अशा रात्री सारी टाकी जाते. मासा एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कित्येक शिंपल्यांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचे द्रव्य असते, आणि ते ब-१ या जीवनसत्त्वाचा नाश करिते. रोज केवळ कच्च्या तिसऱ्याच घातल्या तर मासा वरकरणी भरपूर खातो, पण पुढे त्याची भूक मंदावते, तोल जातो, झटके येतात. फ्रिजमध्ये गोठविल्याने हे द्रव्य नष्ट होत नाही; शिजविल्याने होते. तेव्हा आठवड्यातून एक-दोन वेळा तिसरी, तीही अधूनमधून उकडलेली, आणि एरवी जीवनसत्त्वे घातलेले तयार खाद्य, असा क्रम ठेवावा. पावसाळ्याकरिता मांस स्वच्छ करून पातळ वड्यांच्या रूपाने गोठवून ठेविता येते. मात्र एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवू नये.

सर्व माशांची रुचीही सारखी नसते. शेवाळावर चरणाऱ्या माशांस शिंपलीचा उपयोग थोडा. केंड माशाचे मात्र उलट. त्याचे चोचीसारखे दात आयुष्यभर वाढत राहतात. कठीण शिंप फोडावयास मिळाली नाही तर ते इतके वाढतात की त्याला खाताच येत नाही. त्याला धुतलेली लहान तिसरी अख्खीच द्यावी. जिवंत तिसऱ्या टाकीच्या वाळूत सोडून द्याव्या, म्हणजे पाणी आपोआप गाळले जाईल, अशी एक समजूत आढळते. ती खरी नव्हे. स्वच्छ टाकीत त्यांना पुरेसे अन्न मिळत नाही; त्या वाळूत दडून उपाशी मरतात आणि तेथेच कुजतात.

जाता जाता कायद्याविषयीही सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांस काचेऐवजी ज्या पातळ, दुधी शिंपा बसविलेल्या दिसतात, त्यांचा प्राणी २००१ मध्ये संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातला गेला. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांसही त्याच वर्षी संरक्षण मिळाले. खाद्याकरिता वा शोभेकरिता ते घरी आणू नयेत, आणि कोणी विकावयास आणिले तर मुलांसमक्ष नाकारावे.

एका टाकीला मूठभर तिसऱ्या पुष्कळ होतात. बाकीच्या खुशाल घरच्या सुक्क्यात जाऊ द्याव्या. काचेआडचा मासा स्वतःचे अन्न शोधावयास कोठे जाऊ शकत नाही, आणि शिळे पाणी सोडून पळूही शकत नाही. त्याचा समुद्र म्हणजे आपण. घरातील ज्या मुलास मासे हवे आहेत, त्याच्याकडेच तिसरी निवडण्याचे, उरलेला तुकडा जाळीने काढण्याचे आणि वीज गेली की हात आवरण्याचे काम सोपवावे. महिनाभर ते त्याने न चुकता केले, तर खुशाल दुसरा मासा आणावा.