भाड्याच्या घराचे डिपॉझिट : दोन महिन्यांची मर्यादा कुठे लागू, कुठे नाही

बारावीचे निकाल लागले की आपल्या बेळगावातल्या सभासदांच्या घरी धावपळ सुरू होते. कुणाची मुलगी पुण्याला शिकायला निघते, कुणाचा मुलगा बंगळुरूला नोकरीवर रुजू होतो आणि राहण्यासाठी जागा शोधावी लागते. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागांत वरचा मजला विद्यार्थ्यांना भाड्याने देणारेही आपल्यातच आहेत. डिपॉझिट देणारे आपण आणि घेणारेही आपणच. म्हणून दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

‘दोन महिन्यांचा’ नियम आला कुठून?

‘घरमालकाला आता दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असा संदेश मोबाईलवर फिरत असतो. त्याचा आधार आहे केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे आणि दुकान-कार्यालयासाठी सहा महिन्यांचे भाडे, एवढीच अनामत रक्कम त्यात सांगितली आहे. घराचा ताबा परत घेताना देणे असेल ते वजा करून उरलेली रक्कम भाडेकरूला द्यावी, असेही त्यात आहे.

मात्र हा केवळ नमुना आहे. घरमालक आणि भाडेकरू यांचे संबंध हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये तो केला. त्यामुळे नोएडा किंवा वाराणसीत घर घेणाऱ्याला दोन महिन्यांच्या मर्यादेवर बोट ठेवता येते. पुण्यात किंवा बेळगावात तसे करता येत नाही.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटवर त्यात कमाल मर्यादा नाही. पण त्याचे कलम ५५ लक्षात ठेवावे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क काढताना डिपॉझिटवरचे व्याजही हिशेबात येते, म्हणून काही जण करारात रक्कम कमी दाखवायला सांगतात. तसे करू नये. जी रक्कम कागदावर नाही, ती परत मागणे कठीण होते.

कर्नाटकाचाही १९९९ चा भाडे कायदा आहे. पण मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपयांवर आणि इतरत्र २,००० रुपयांवर भाडे असलेल्या जागा त्याच्या बाहेर आहेत. आजची बहुतेक घरे त्यामुळे आपोआपच वगळली जातात आणि डिपॉझिट हा दोघांमधल्या कराराचा विषय उरतो. म्हणूनच बंगळुरूत दहा महिन्यांचे डिपॉझिट मागण्याची पद्धत पडली. महिना १५,००० भाडे असेल तर दीड लाख रुपये आधी हातात हवेत. काही ठिकाणी ‘लीज’वर घर मिळते, म्हणजे काही लाख एकरकमी द्यायचे आणि महिन्याचे भाडे नाही. अशा व्यवहारात नोंदणीकृत कागदाशिवाय पैसे देऊच नयेत.

कागद काय करतो

आपल्या एका सभासदांच्या मुलीने पुण्यातली जागा सोडली, तेव्हा ६०,००० पैकी १८,००० रुपये रंगकामासाठी कापले गेले. वडिलांनी दोन महिन्यांच्या नियमाचा संदेश दाखवला. घरमालकाने करारातले कलम दाखवले : रंगकामाचा खर्च भाडेकरूकडे. सही तिचीच होती.

ते कलम नसते तर तिची बाजू बरीच भक्कम झाली असती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की भाडेकरूने जागा मिळाली तशी परत द्यावी, पण वापरामुळे होणारी वाजवी झीज त्यातून वगळावी. फिकट झालेला रंग ही झीज, फुटलेले बेसिन हे नुकसान. मात्र करारात वेगळे ठरले असेल तर आधी करार पाहिला जातो.

सही करण्यापूर्वी

- डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात आकड्यांत आणि अक्षरांत लिहून घ्या.
- पैसे बँकेतून द्या. रोख दिल्यास सहीची पावती घ्या.
- रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि कशासाठी कापली जाईल, हे स्पष्ट लिहा.
- राहायला जाताना आणि सोडताना भिंती, नळ, पंखे, मीटरचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवा.
- घर सोडण्याची सूचना लेखी द्या. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’ हे परस्पर ठरवू नका.

घरमालक सभासदांनाही विनंती आहे. आपल्याकडे राहणारा विद्यार्थीही कुणाच्या तरी घरचा मुलगा आहे. कापलेल्या प्रत्येक रुपयाचे बिल त्याच्या हाती द्या. आपल्या मुलांना पुण्या-बंगळुरूत जसा हिशेब मिळावा असे वाटते, तसाच आपणही इथे देऊ या.