गुलामगिरीविरोधी प्रचारचित्रे
अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटन व अमेरिका येथील गुलामगिरीविरोधी संस्थांनी लोकमत जागृत करण्यासाठी प्रसृत केलेली चित्रे, मुद्रा व आकृत्या. क्लेशकारक सामाजिक प्रश्न जनतेपुढे मांडण्यासाठी एखाद्या संघटनेने चित्रकलेचा पद्धतशीर उपयोग केल्याचे हे एक आद्य उदाहरण होय. गुलामांचा व्यापार समुद्रापलीकडे चालत असल्याने त्याची भीषणता सामान्य ब्रिटिश नागरिकाच्या दृष्टीस पडत नसे. गुलामांच्या श्रमांतून निर्माण झालेली साखर मात्र त्याच्या घरी नित्य येई. हे अंतर कमी करण्याचे कार्य चित्रांनी केले.

मुद्रा : गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी २२ मे १७८७ रोजी लंडन येथे बारा सदस्यांची समिती स्थापन झाली. त्यांपैकी बहुसंख्य क्वेकर पंथाचे होते. समितीच्या मुद्रेवर साखळदंडांनी जखडलेला, गुडघा टेकून हात जोडलेला आफ्रिकी पुरुष असून, आपण माणूस व बंधू नव्हे काय, असा प्रश्न त्याच्या तोंडी घातलेला होता. प्रसिद्ध कुंभकलातज्ञ जोसाया वेजवुड (१७३०–९५) ह्याने ह्या मुद्रेवरून चिनी मातीची छोटी पदके तयार करविली. त्यांत शुभ्र पार्श्वभूमीवर काळी उठावाकृती होती. ही पदके विनामूल्य वाटण्यात आली. १७८८ मध्ये काही पदके फिलाडेल्फियास बेंजामिन फ्रँक्लिनकडेही पाठविण्यात आली. पुरुष ती तपकिरीच्या डब्यांवर बसवीत, तर स्त्रिया कंकणांत व केसांच्या आकड्यांत वापरीत. त्यामुळे मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांनाही आपले मत उघडपणे व्यक्त करण्याचे साधन लाभले.

ब्रुक्स जहाजाची आकृती : लिव्हरपूलच्या ‘ब्रुक्स’ नावाच्या जहाजावर गुलाम कसे कोंबले जात, हे दाखविणारी आकृती प्रथम प्लिमथ येथील समितीने तयार केली. लंडनच्या समितीने १७८९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत जहाजाचे आराखडे व छेद असून ४८२ मानवाकृती ओळीने मांडलेल्या आहेत. प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला सु. १·८ मी. लांब व ०·४ मी. रुंद एवढीच जागा येई. ह्या आकृतीत चाबूक, रक्त वा क्रौर्याचा प्रसंग नाही. जहाजबांधणीच्या कोरड्या नकाशाची भाषाच तीत वापरलेली आहे. मापे शासकीय पाहणीतून घेतलेली होती. शिवाय हे जहाज पूर्वी सहाशेंहून अधिक गुलाम वाहून नेत असता आकृतीत त्याहून कमी दाखविल्यामुळे अतिशयोक्तीच्या आरोपास वाव उरला नाही. १७८८ च्या कायद्याने ह्या जहाजासाठी ठरलेली मर्यादा ४५४ ची होती. म्हणजे निर्बंध घातल्यानंतरही स्थितीत फारसा फरक पडत नव्हता, हे आकृतीवरून सहज उमगे. टॉमस क्लार्कसन (१७६०–१८४६) ह्याने ही आकृती पॅरिसलाही नेली.

केवळ चित्रांमुळे हा व्यापार थांबला, असे मात्र म्हणता येणार नाही. विनंती अर्ज, साक्षी-पुरावे, साखरेवरील बहिष्कार आणि वेस्ट इंडीजमधील गुलामांचे उठाव ह्यांचाही त्यात मोठा वाटा होता. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार व १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. दुसऱ्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळण्यात आला होता. भारतात ह्याविषयीचा कायदा १८४३ मध्ये झाला.

अमेरिकेतील प्रसार : १८३३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेने सचित्र पंचांगे व बालपत्रके काढली. १८३५ मध्ये तिने टपालाने पाठविलेले साहित्य चार्ल्स्टन येथे जमावाने जाळले. निरक्षर गुलामांनाही चित्रांचा अर्थ कळेल, ही मालकांची भीती अशा विरोधामागे होती. १८६३ मध्ये गॉर्डन नामक मुक्त झालेल्या गुलामाच्या पाठीवरील वळांचे छायाचित्र घेण्यात आले व त्यावरून केलेले उत्कीर्णन हार्पर्स वीकली ह्या साप्ताहिकाने छापले. चित्र हे कल्पित आवाहन न राहता पुरावा ठरू लागले.

मर्यादा : ह्या चित्रांतील गुलाम बहुधा दीन, मूक व याचना करणारा आहे. ब्रुक्सच्या आकृतीत तर त्याला नाव नाही आणि स्वतंत्र चेहराही नाही. पाहणाऱ्याच्या मनात करुणा जागवताना ज्याच्यासाठी चळवळ चालली, त्याचे व्यक्तित्व झाकोळून जाई. ह्याला उत्तर पूर्वी गुलामगिरीत असलेल्यांनीच दिले. १७८९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथेच्या मुखपृष्ठालगत ओलौडा एक्वियानो ह्याने सभ्य वेशातील, हाती बायबल घेतलेले स्वतःचे व्यक्तिचित्र छापले. फ्रेडरिक डग्लस (सु. १८१८–९५) ह्याने गोऱ्या कलावंतांकडून कृष्णवर्णीयांचे निःपक्षपाती चित्रण होत नसल्याचे १८४९ मध्ये लिहिले, आणि पुढे आयुष्यभर करारी मुद्रेची स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली.

महात्मा फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, ह्यावरून ह्या चळवळीचा नैतिक प्रभाव महाराष्ट्रापर्यंत पोहोचल्याचे दिसते. पुढील काळात स्त्रीमताधिकार, बालमजुरी, दुष्काळ इ. प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनांनीही चित्रांचा आश्रय घेतला. तपशिलाची अचूकता, संयम व पीडिताची प्रतिष्ठा ह्या तिन्हींचा मेळ घालण्याचा जो प्रश्न गुलामगिरीविरोधी चित्रकारांपुढे होता, तोच त्या सर्वांपुढे उभा राहिला.