कोर्टाची पायरी रोज चढायची असेल तर

कायद्याच्या कामाची ओढ आहे, पण वकिलीची सनद काढण्याइतका वेळ किंवा पैसा आत्ता हाताशी नाही. अशा वेळी ‘पॅरालीगल’ हा शब्द एखाद्या जाहिरातीत दिसतो. पॅरालीगल म्हणजे सनद नसलेला, वकिलाच्या हाताखाली कायद्याची कागदोपत्री कामं करणारा माणूस. अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडे त्या नावाची पाटी लोणावळ्यात क्वचितच दिसेल. काम मात्र मावळात भरपूर आहे, फक्त ते दुसऱ्या नावांनी चालतं.

म्हणून आधी नावं ओळखावीत. वकिलांचा कारकून, जमिनीचा ‘सर्च’ घेणारा, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत करार आणि परवाने सांभाळणारा कर्मचारी, आणि विधी स्वयंसेवक. पहिल्या तिघांत पोट भरतं. चौथ्यात भरत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

मग एक दिवस वडगावला जावं. मावळ तालुक्याचं न्यायालय तिथे आहे, लोणावळा-पुणे लोकलने जाता येतं, आणि कोर्टात बसून कामकाज पाहायला एरवी कुणाची मनाई नसते. वकिलांपेक्षा कारकुनांकडे लक्ष ठेवावं. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहायची; पुकारा झाला की वकिलांना गाठायचं; पुढची तारीख डायरीत उतरवायची; नकलेचा अर्ज द्यायचा; पक्षकाराला फोन करून ‘साहेबांनी बोलावलंय’ सांगायचं. यातला निम्मा वेळ थांबण्यात जातो. त्या थांबण्याचा कंटाळा पहिल्याच दिवशी आला, तर तो कौल गंभीरपणे घ्यावा.

पुढची पायरी घरीच करता येते. आपल्या किंवा नातेवाइकांच्या जमिनीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढावा. डिजिटल सहीच्या उताऱ्याला 15 रुपये लागतात. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. फेरफार म्हणजे मालकी किंवा हक्क बदलल्याची नोंद. एकेक फेरफार काढत मागे जावं: आजोबांकडून वडिलांकडे जमीन कशी आली, कोणाचं नाव कधी लागलं, कोणाचं गळलं. साधारण 30 वर्षांचा असा माग काढणं म्हणजेच ‘टायटल सर्च’.

मावळात याच कामाला खरी मागणी आहे. बंगल्यासाठी, फार्महाऊससाठी पुण्या-मुंबईचे लोक इथे जमीन शोधतात, आणि विकणाऱ्याच्या कागदांत काय दडलंय ते त्यांना वकिलाकडून हवं असतं. नवशिके तीन ठिकाणी हमखास अडकतात. एक, एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, ते न जुळवता भलत्याच जमिनीचे जुने कागद काढतात. दोन, वारसनोंदीत बहिणींची नावं आहेत का ते पाहत नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तीन, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतच नाहीत. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, हे सगळं तिथेच असतं. शिवाय भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, नजरेतून सुटली तर पुढचा सारा व्यवहार लटकतो. चार फेरफार वाचून आपली उत्सुकता वाढली, तर माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच झाला.

आता विधी स्वयंसेवक. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली गरजूंना मोफत वकील मिळतो, आणि 2009 पासून राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेतून गावोगावी स्वयंसेवक नेमले जातात. निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं, प्रशिक्षण देतं. मानधन केलेल्या कामाच्या दिवसापुरतं असतं. ही नोकरी नव्हे. पण शिकायला याहून चांगली जागा मला दिसत नाही. महिलांना आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आंदर मावळातल्या कातकरी वाडीत कोणीतरी जाऊन सांगावं लागतं, अर्ज भरून द्यावा लागतो. आपल्याला माणसांशी बोलता येतं का, हे तिथे लगेच कळतं.

कौशल्यांचं म्हणाल तर मराठी युनिकोड टंकलेखन चोख हवं, कारण तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाच्या सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ते शोधता यावं. आणि तोंड बंद ठेवता यावं. लहान तालुक्यात दोन्ही बाजूंचे पक्षकार आपल्या ओळखीचे निघतात.

महागात पडणारी चूक म्हणजे हजारो रुपये भरून घेतलेला ‘पॅरालीगल डिप्लोमा’. तो वाईटच असतो असं नाही, पण कारकून होण्यासाठी त्याची सक्ती नाही आणि त्याने सनदही मिळत नाही. पैसे भरण्याआधी एखाद्या वकिलांना सरळ विचारावं, ‘दोन महिने ऑफिसात बसू का?’ पगाराचं बोलणंही तेव्हाच करावं. सुरुवातीला तो बेताचाच असतो. जमिनीच्या कामात हात बसला की प्रत्येक सर्चमागे वेगळे पैसे ठरवता येतात.

दुसरी चूक कायद्याच्या अंगाने जाणारी. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त सनदधारकालाच करता येते. चार वर्षं कागद हाताळले की शेजारीपाजारी सल्ला विचारू लागतात, आपणही देऊ लागतो, मग पैसे घेऊ लागतो. तिथे थांबायचं. सर्चचे कागद गोळा करावेत, टिपण काढावं. ‘टायटल स्वच्छ आहे’ या मतावर सही वकिलाची.

आणि सही आपली असावी असं वाटू लागलं, तर पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी आहे, त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. दूरशिक्षणाची कायद्याची पदवी सनदेला चालत नाही, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या वेळा आणि लोकलच्या वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि ज्यांच्याकडे काम करतो त्या वकिलांशी सुट्टीचं बोलून घ्यावं.